साठीनंतर दोघांसाठी: दिवसा नदीकाठानं सायकल, रात्री मुक्काम जहाजावर

काठावरची (सांगली)

नमस्कार. युरोपातल्या डॅन्यूब नदीवरच्या आमच्या सहलीबद्दल सायकल ग्रुपमधल्या बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून इथेच सविस्तर लिहिते. पुढेमागे कुणाला लागलं तर सापडेल.

साठी ओलांडलेल्या जोडप्यात दोघांची ताकद सारखी राहत नाही. एकाचा गुडघा बोलायला लागतो, दुसऱ्याला अजून डोंगर खुणावत असतो. मग सहल ठरवताना एक तर जास्त दमणाऱ्याच्या बेतानं ठरते आणि दुसऱ्याला मन मारावं लागतं, नाहीतर एक जण भटकतो आणि दुसरा हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघत बसतो. आमच्या घरी सायकल माझी. ह्यांचे गुडघे झिजलेत, आणि तरीही आम्ही दोघांनी मिळून डॅन्यूब नदी पाहिली. मिळून हा शब्द मी मुद्दाम वापरतेय.

याची रीत अशी. आठवडाभर मुक्काम एकाच जहाजावर, केबिन एकच. बॅग पहिल्या दिवशी उघडायची ती शेवटच्या दिवशी बंद करायची. सकाळी न्याहारीच्या वेळीच दुपारचा डबा आपला आपण भरून घ्यायचा. सायकली धक्क्यावर उतरवून ठेवलेल्या असतात. आपण तीस ते पन्नास किलोमीटर काठानं जायचं, तोवर जहाज पाण्यातून पुढच्या गावी जाऊन थांबतं. ज्याला त्या दिवशी सायकल नको, तो डेकवर बसून त्याच गावाला पोचतो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघांकडेही सांगायला काहीतरी असतं, आणि ते एकाच नदीबद्दल असतं.

आम्ही जर्मनीतल्या पासाउहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा टप्पा घेतला. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत युरोव्हेलो ६ नावाचा सायकलमार्ग आहे, त्याचाच हा तुकडा. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, पण सगळं सायकलवर करावं लागत नाही, मधले काही टप्पे जहाज रात्रीतून उरकतं. रस्ता जवळजवळ सगळा डांबरी, बहुतेक ठिकाणी मोटारींपासून वेगळा. प्रवाहाच्या दिशेनं गेलं की उतार आपल्या बाजूचा.

पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. इनचं पाणी हिमनद्यांवरून आलेलं, फिकट हिरवट. इल्झचं दलदलीतून आलेलं, काळपट. संगमानंतरही बरंच अंतर ते रंग वेगळे ओळखू येतात. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम बघणाऱ्या माणसाला तिथून हलवतच नाही. तिथल्या जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर महापुरांच्या पातळ्या वर्षासकट कोरल्या आहेत. २०१३ च्या जूनमधली खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. तेव्हा पाणी १२.८९ मीटरला गेलं होतं, १५०१ नंतरचं सगळ्यात जास्त. शेजारी उभ्या असलेल्या परदेशी मंडळींनी फोटो काढला आणि पुढे गेली. आम्ही दोघं मात्र एकेक वर्ष वाचत राहिलो. पावसाळ्यात उठल्याबरोबर आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, हे विचारणाऱ्या गावाची माणसं आम्ही, चाळीस फुटाला इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे पाठ असलेली. दुसरं काय करणार?

पासाउ ते व्हिएन्ना नदीवर नऊ जलविद्युत बंधारे आहेत आणि प्रत्येकाला जहाजांसाठी लॉक आहे. म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला सिमेंटचा मोठा हौद, साधारण २३० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. जहाज आत घेतात, मागचं दार बंद करतात आणि पाणी सोडून देतात. पंप नाही, काही नाही. पाणी आपल्या वजनानं खालच्या अंगाला निघून जातं. इब्स-पर्सेनबॉयगच्या बंधाऱ्यावरून सायकली पलीकडे नेता येतात. त्या दिवशी ह्यांनी जहाजावर राहायचं ठरवलं होतं, आणि मी बंधाऱ्यावर पोचले तेव्हा आमचंच जहाज लॉकमध्ये शिरत होतं. कठड्याशी सायकल लावून उभी राहिले. हे डेकवर खुर्चीत, हातात चहा. पाणी उतरायला लागलं तसं जहाज सावकाश भिंतीच्या आत खाली जायला लागलं, दहा-अकरा मीटर. ओली हिरवट भिंत वर वर येत होती आणि हे मान वर करून मला हात करत होते. खालचं दार उघडलं, जहाज बाहेर पडलं, मी सायकलवर टांग टाकली. त्या दिवशी पुढचे पंधरा किलोमीटर मी काठानं आणि जहाज मधून असे बरोबरीनं गेलो, कधी मी पुढे, कधी ते.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्याचा भाग सगळ्यात सुंदर. द्राक्षांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा, जर्दाळूची झाडं, मेल्कचा पिवळा मठ. २००० सालापासून हे खोरं जागतिक वारशाच्या यादीत आहे. तासगावच्या बाजूच्या द्राक्षबागायतदारांनी तर जावंच. तिकडच्या बागा दगडी बांधांवर उभ्या उतारात आहेत, ट्रॅक्टर जाणं मुश्कील, बरीचशी तोडणी हातानं.

ह्यांनी इ-बाईक घेतली होती. युरोपात तिची मोटर २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच साथ देणारी असते. पायडल मारलं तरच चालते, म्हणजे व्यायाम होतोच. पण ती चांगली वीस-पंचवीस किलोची असते, उभी करताना तोल सांभाळावा लागतो. दांडी खाली असलेलीच मागा, गुडघा वर न उचलता बसता येतं.

शंका असतील तर विचारा.

हळदगल्ली

काकू, लई भारी लिहिलंय. आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी चाळीस होतात, त्यांना पाठवायचं डोक्यात आहे. दोघांचं मिळून कितीला पडतं? आणि व्हिसा जर्मनीचा काढायचा का ऑस्ट्रियाचा?

काठावरची

जहाजाचं माणशी हजार ते दीड हजार युरोच्या आसपास धर. हंगाम आणि केबिनप्रमाणे कमीजास्त होतं. वरच्या मजल्यावरची केबिन महाग, पण खालच्या मजल्यावरच्या खिडक्या बहुधा उघडत नाहीत, पाणी अगदी काचेशी असतं. आई-बाबांसाठी वरची घे, तिथे पैसे वाचवू नकोस. यात सकाळ-संध्याकाळचं जेवण येतं. सायकलचं भाडं बहुतेक ठिकाणी वेगळं, इ-बाईकचं साध्या सायकलीपेक्षा बरंच जास्त. त्यावर विमान, व्हिसा, विमा आणि रेल्वे. फ्रँकफर्टला उतरलास तर पासाउला थेट रेल्वे आहे, म्युनिकहूनही आहे.

ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाचा व्हिसा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याचा. या टप्प्यात बहुतेक रात्री ऑस्ट्रियात पडतात, पण कंपनीकडून कुठली रात्र कुठल्या गावी हे लेखी घे आणि अर्जाला जोड. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो झाली. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत.

माईघाट

लेख चांगला आहे, पण मला एक विचारायचंय. मी लहानपणापासून कृष्णेत पोहलोय, होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलंय. तरी २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली त्यानंतर आमच्या घरात बोटीचं नाव काढत नाहीत. सौभाग्यवतींचं एकच म्हणणं, पाणी वाढलं तर काय? मला तिला खरं उत्तर द्यायचंय. "काही होत नाही" म्हटलेलं तिला पटणार नाही.

काठावरची

दादा, वहिनींचं विचारणं बरोबर आहे. आपल्याकडे ज्यांनी तो ऑगस्ट बघितला त्यांना हा प्रश्न पडणारच.

तिथे पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की जहाजांची वाहतूक सरकारी यंत्रणाच थांबवते. कॅप्टनच्या मर्जीवर नसतं. पातळ्या लोकांना रोज बघता येतात. अशा वेळी जहाज धक्क्याला बांधलेलं राहतं आणि प्रवाशांना बसनं पुढे नेतात किंवा तिथूनच आसपासच्या सायकल फेऱ्या करवतात. पाणी फार कमी झालं तरी असंच होतं. पहिल्याच संध्याकाळी लाईफ जॅकेट कुठे आहे, कसं घालायचं, घंटा झाली की कुठे जमायचं हे दाखवतात. जहाज मोठं आणि जड, दोन्ही काठ सतत दिसतात. हेलकावे जवळजवळ नाहीतच, केबिनमध्ये ग्लासातलं पाणी हलत नव्हतं.

वहिनींना तरी धाकधूक वाटली तर दुसरा पर्याय आहे. तोच मार्ग काठावरच्या छोट्या हॉटेलांत मुक्काम करत करता येतो, बॅगा कंपनीची गाडी पुढे नेते. मनात भीती ठेवून त्यांना जहाजावर झोपायला लावू नका.

जावळीचा

साताऱ्याहून लिहितोय. एवढ्या लांब जायची काय गरज? साताऱ्याहून कासवरून बामणोलीला उतरा, शिवसागरातून लाँचनं तापोळ्याला जा. कोयनेच्या पाण्याला तोड नाही. आमच्याकडे गाड्यासुद्धा तराफ्यानं पलीकडे जातात, सायकलीचं काय घेऊन बसलात.

खाडीपल्याड

जावळीकर, तुमचा शिवसागर मलाही प्रिय आहे, पण सत्तरीच्या माणसाला कासचा चढ आणि बामणोलीचा उतार सायकलवर सांगू नका. उतारावर ब्रेक दाबून मनगटं भरून येतात, आणि वळणावर समोरून जीप आली की संपलं. तुमच्याकडे गाडीनं जावं, लाँचनं हिंडावं.

सायकल आणि पाणी दोन्ही हवं असेल तर कोकण किनारा बघा. आगरदांडा-दिघी, सावित्रीवर वेश्वी-बागमांडला, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे, शास्त्रीवर तवसाळ-जयगड. सगळीकडे फेरीबोट, सायकल ढकलत आत न्यायची. आम्ही दोघं त्या वाटेनं गेलोय. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: खाडी आली की उतार, खाडी ओलांडली की चढ. तो चढ चांगलाच जिरवतो. बायकोनं बॅटरीची सायकल घेतली म्हणून जमलं. मुक्काम घरगुती खानावळींत, सोलकढी आणि मऊ भात. डिसेंबर-जानेवारी उत्तम. युरोपला जायचं असणाऱ्यांनीसुद्धा आधी दोन दिवस हे करून बघावं. रोज उठून सायकलवर बसणं अंगाला मानवतंय की नाही, ते घरच्या अंगणात कळत नाही.

मिरज जंक्शन

आमचा अनुभव हॉलंडचा. मुलगी तिकडे असते, म्हणून तिच्याच ओळखीनं केलं. डॅन्यूबवर जहाजं मोठी असतात, शंभरावर माणसं. हॉलंडला खऱ्या अर्थानं बार्ज मिळतात. पूर्वी कालव्यांतून माल वाहणारी लांबट बोट, आत फेरफार करून वीस-पंचवीस माणसांची सोय केलेली. सगळे एकाच खोलीत जेवतात, त्यामुळे चौथ्या दिवशी कुटुंबासारखं होतं. एका जर्मन जोडप्याशी आमचं अजून पत्र-फोन चालू आहे.

पण जागा अगदी बेताची. जिने उभे, शिडीच म्हणा. न्हाणीघरात वळायचं तर आधी ठरवावं लागतं. काही केबिनमध्ये बिछाने वर-खाली असतात. बुकिंगच्या वेळी दोन्ही बिछाने खालीच हवेत असं लिहून द्या, रात्री दोनदा उठणाऱ्याला शिडी चालत नाही.

रस्ता शोधण्याची त्यांची पद्धत फार आवडली. चौकाचौकांत क्रमांकाचे फलक. सकाळी कागदावर क्रमांक उतरवून घ्यायचे, फलक बघत जायचं. मिसेसनी सगळा मार्ग असाच काढला, फोन खिशातून बाहेर काढला नाही. किंडरडाइकला पवनचक्क्या ओळींनी उभ्या आहेत, एकूण १९, बहुतेक अठराव्या शतकातल्या. समुद्रसपाटीच्या खालच्या जमिनीतलं पाणी उपसायला बांधलेल्या. आपल्या भागात पाणी वर चढवायला ताकारी-म्हैसाळच्या उपसा योजना, तिकडे जमिनीतून बाहेर काढायला या चक्क्या. दोन्हीकडे माणसानं पाण्याशी केलेली खटपट तीच.

चढ नाही म्हणून हॉलंड सोपं वाटतं, पण समोरून वारा सुटला की सपाट रस्ताही घाटासारखा होतो. आणि तिथल्या बऱ्याच साध्या सायकलींना उलटं पायडल मारलं की ब्रेक लागतो. पहिल्या दिवशी धक्क्यावर चार चकरा मारून पायाला सवय करा. आपण उजव्या बाजूनं चालायचं हेही सारखं मनात ठेवावं लागतं, वळताना जुनी सवय डावीकडे ओढते. ट्युलिप बघायचे असतील तर एप्रिलचा शेवट धरा, पण थंडीचे कपडे न्या.

तिकटीवरची

माझा प्रश्न सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. मला सायकल येतच नाही. वय अठ्ठावन्न. घरच्यांना फार हौस आहे. मी गेले तर त्यांच्या पायात पाय होईल का?

काठावरची

ताई, अजिबात नाही. सायकल न चालवणाऱ्यांनाही जहाजात घेतात, सायकलचं भाडं तेवढं द्यायचं नाही. गावोगावी उतरून पायी हिंडता येतं. काही कंपन्या दोघांची सायकल म्हणजे टँडम देतात, पुढे चालवणारा, मागे पायडल मारणारा. यजमानांना ती आधी इथे चालवून बघू दे, वळताना वेगळी वागते.

पण शिकायची थोडी जरी इच्छा असेल तर शिका. नेमिनाथनगरच्या मैदानावर पहाटे या. सीट इतकी खाली करायची की दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतात, पायडल काढून टाकायची आणि नुसतं ढकलत तोल शिकायचा. आमच्या ग्रुपमध्ये पंचावन्नच्या पुढे शिकलेल्या बायका आहेत. मी स्वतः येईन तुमच्याबरोबर.

वानलेसवाडी

आम्ही जैन. कांदा-लसूण, कंदमुळं चालत नाहीत. जेवणाचं काय?

काठावरची

बुकिंग करतानाच लेखी कळवा, आणि "व्हेज" एवढंच लिहू नका. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, हाडांचा किंवा मांसाचा अर्क घातलेलं सूप नाही, असं एकेक लिहा. तिकडे काही जण मासे खाणाऱ्यालाही शाकाहारी धरतात. चीजमध्ये बरेचदा प्राण्यांपासूनचं रेनेट असतं, तेही विचारा. कांदा-लसूण, कंदमुळांशिवाय रोज करून द्यायला लहान जहाजाच्या स्वयंपाक्याला जड जातं. होकार लेखी आला तरच पैसे भरा.

बरोबर बिनलसणाचं भडंग, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, खाकरा, मेतकूट न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत, तेव्हा कंदी पेढे, खवा, तूप घरीच ठेवा.

मिरजेची डॉक्टर

धागा वाचून राहवलं नाही. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी जाऊच नये असं नाही, पण आपापल्या डॉक्टरांना दिवसाकाठी किती किलोमीटर, किती तास, हे नेमकं सांगून विचारा. "थोडी सायकल चालवणार आहे" यावरून आम्हाला काही कळत नाही.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठून खराब होऊ शकतं. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून घ्या, ब्रँडची नावं तिकडे उपयोगी पडत नाहीत. साखर कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. सायकलवर साखर अचानक उतरू शकते, आणि नवराबायकोपैकी दुसऱ्याला ती लक्षणं ओळखता आली पाहिजेत. रक्त पातळ होण्याची औषधं घेणाऱ्यांना पडल्यावर रक्तस्राव जास्त होतो, म्हणून हेल्मेट हवंच. तिकडे मोठ्यांना सक्ती नाही, म्हणून काढून ठेवू नका.

गुडघ्यांसाठी सीटची उंची महत्त्वाची. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट खाली असेल तर गुडघ्यावर नाहक भार येतो. आपल्याकडे बहुतेक जण ती खालीच ठेवतात. आणि जड गिअर टाकून दाबत बसू नका, हलका टाकून पाय फिरते ठेवा.

हळदगल्ली

काकू, आई-बाबांना धागा वाचून दाखवला. बाबांचं म्हणणं मे नको, तेव्हा हळदीचे सौदे असतात. सप्टेंबर ठरतोय, द्राक्षं पिकलेली बघायला मिळतील. आई इ-बाईक, बाबा साधी. दोघांचीही सायकलची सवय मोडलीय. तुमचा ग्रुप रविवारी नरसोबाच्या वाडीला जातो ना? त्यांना जमेल का?

काठावरची

जमेल, पण लगेच वाडी नको, जाऊन-येऊन चाळीसच्या वर होतं. आधी महिनाभर हरिपूरपर्यंत. तिथून वाढवत नेऊ. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत परत फिरायचं, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला विश्रामबाग चौकातून निघतो. मागचा लाल दिवा चालू आहे का ते बघ, आणि टायरात हवा आदल्या रात्री भर, सकाळी दुकानं उघडलेली नसतात. आईंच्या सायकलची सीट मी येऊन बघते, तू हात लावू नकोस. तिकटीवरच्या ताई, तुम्ही त्याच दिवशी साडेसातला मैदानावर या, आम्ही परत येतो तोवर.

तिकटीवरची

येते. सायकल भाच्याची आणते, पायडल काढायचा पाना तुम्ही आणा.